काचेची उतरंड

मेणबत्तीच्या स्टँडवर काचेची ताटली चिकटवायची, त्यावर अजून एक जोडी. झाला मिठाईचा मजली स्टँड! आयडिया नवी वाटते ना? पण १८व्या शतकात इंग्रज श्रीमंत पायवाल्या काचेच्या तबकांची उतरंड रचून जेली मांडायचे. ग्लू नाही, मेजवानी संपली की तबकं सुटी. आपली समई तरी काय, आटे फिरवले की सुटी!

आमच्या कोल्हापूरहून सत्तरेक किलोमीटरवर, कऱ्हाडजवळ, १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला, तोच 'प्रभाकर' कंदीलवाला. आता तो बंद आहे. आजीच्या कपाटातली ताटली तिथली असेल, तर तशी दुसरी मिळणं कठीण. तेव्हा मंडळी, ग्लू बाजारातल्या नव्या ताटल्यांना लावा. गौरीच्या फराळाला आजीच्या ताटल्या पालथ्या वाट्यांवर रचा. फराळ संपला की ताटली पुन्हा ताटलीच!