आसव, पंच आणि साखरेचा हिशेब

हलक्या द्राक्षमद्यांत डाळिंबाचे दाणे, लिंबाची चकती व पुदिन्याचीं पानें घालून, साखरेवांचून केलेलें पेय हल्लीं शहरांतल्या मेजवान्यांतून दिसूं लागलें आहे. परभणीसारख्या ठिकाणीं त्याचें नांव निघतांच ‘हें विलायती खूळ’ असा शेरा कानीं पडतो. मद्य प्यावें कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु फळें आणि वनस्पती घालून मद्य सौम्य व सुगंधी करण्याची कल्पना समुद्रापलीकडून आली, हें म्हणणें इतिहासाला धरून नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आसवांची मोजदादच दिली आहे. एकूण आसवें ८४. त्यांत धान्यांचीं ६, फळांचीं २६, मुळांचीं ११, झाडांच्या गाभ्याचीं २०, फुलांचीं १०, कांडांचीं ४, पानांचीं २, सालींचीं ४. आणि साखरेचें अवघें १! आसव घालतांना भांड्यांत गूळ किंवा मध पडे, हें खरें. पण किण्व तें गोड खाऊन टाकतें आणि त्याचेंच मद्य होतें. धायटीचीं फुलें घालतात तीं या कामासाठींच. सारांश, गोडी ही किण्वाची शिदोरी होती. आसवाला नांव आणि गुण देई ती वनस्पती. ज्या घरांत मद्याचा उच्चारहि खपत नाहीं, त्याच घराच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली सुखानें नांदत असते, हें आपणांस ठाऊक आहेच.

आतां आपल्या मुलुखाकडे येऊं. बाराव्या शतकांत हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या पिण्याच्या पाण्याला आंब्याची फोड, पाटला वा चंपक यांचें फूल किंवा कापराची पूड यांनीं वास द्यावा, इतक्या बारकाईनें हा राजा लिहितो. त्याच्या क्रीडांच्या यादींत ‘मदिरापानक्रीडा’ आहे. द्राक्षें, ऊस, ताड, नारळ आणि खजूर यांच्या मद्यांची माहितीहि त्यानें दिली आहे. साध्या पाण्याचा जेथें एवढा विचार, तेथें पेल्यांतला सुगंध ही परक्याची देणगी कशी म्हणावी? द्राक्षेंहि येथें नवीं नव्हेत. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षें व डाळिंबें यांची नोंद केली असून, त्यांचें पीक वर्षांतून दोनदां येतें, असें म्हटलें आहे.

मग ‘विलायती’ काय? गंमत अशी कीं, युरोपांत गाजलेलें ‘पंच’ हें पेय इंग्रजांनीं येथूनच उचललें. १६३२ सालच्या एका इंग्रज पत्रांत हा शब्द आढळतो, आणि तें पत्र हिंदुस्थानांतूनच लिहिलेलें होतें. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७५ सालीं जुन्नरपर्यंत येऊन गेला. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तो सांगतो कीं, गोव्याकडील अर्कापासून इंग्रज हें पेय करीत, आणि पांच जिनसांवरून त्याला ‘पांच’ हें नांव पडलें. अर्क, साखर, लिंबू, पाणी व मसाला, अशा त्या जिनसा सांगण्यांत येतात. कांहीं पंडित ही व्युत्पत्ति मानीत नाहींत. मला फ्रायरची साक्ष अधिक पटते. या पंचकांतून साखर वगळली आणि कडक अर्काच्या जागीं द्राक्षमद्य घेतलें कीं आजचें पेय उभें राहतें.

आतां कृति. मद्य ‘कोरडें’ घ्यावें, म्हणजे किण्वानें ज्यांतली साखर बहुतेक संपविली आहे असें. त्यांत साखर लिटरमागें साधारणतः चार ग्रॅमपर्यंत असते. एक पेला मद्यास एक पेला थंड सोडा घातला कीं बारा टक्क्यांचें मद्य सहांवर येतें. त्यांत थोडा लिंबाचा रस आणि किंचित् ठेंचलेले डाळिंबाचे दाणे घालावे. पुदिना तळहातावर नुसता चापटावा. वाटला तर कडवट होतो. साखर कमी झाली म्हणून मद्य निर्दोष होत नाहीं, हें मधुमेह्यानें विशेष ध्यानांत ठेवावें; शिवाय १९४९ च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मद्यपानास परवाना लागतो. परदेशांत अशा पेयांत तुळशीच्या जातीचीं पानेंहि घालतात. आपल्या अंगणांतली तुळस या कामीं कोणी खुडणार नाहीं, खुडूंहि नये. गवती चहाची एक पात पुरेशी होते.