मुंबईतील गिरणी अपघात आणि भरपाईचे दायित्व (१८७५–१९२३)

मुंबईतील कामगार चळवळीच्या इतिहासात नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव प्रामुख्याने साप्ताहिक सुट्टीच्या संदर्भात घेतले जाते. ते रास्तच आहे. परंतु १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने सादर झालेल्या निवेदनातील पाचवी मागणी काहीशी उपेक्षित राहिली आहे. काम करताना जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. प्रस्तुत लेखात या मागणीचा कायद्याच्या अंगाने मागोवा घेतला आहे.

तत्कालीन गिरणीत वाफेच्या एका इंजिनाची शक्ती शाफ्ट व पट्टे यांच्या साहाय्याने सर्व खात्यांत पोहोचविली जाई. एखाद्याचे वस्त्र पट्ट्यात सापडले तरी सबंध इंजिन क्षणात थांबणे शक्य नसे. साच्यावरून उडालेला धोटा डोळ्यावर बसे. चालू यंत्र पुसताना बोटे जात. १८७५ मध्ये मुंबई सरकारने याबाबत चौकशी आयोग नेमला. त्यात गिरणीमालकही सदस्य होते. ज्यांच्यावर बंधन यावयाचे त्यांनाच त्याची आवश्यकता विचारली गेली! आयोगातील बहुमत कायद्याच्या विरोधात गेले, यात नवल नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र विधेयकाचा मसुदा तयार करून हा प्रश्न जागता ठेवला.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे या गोष्टी बंधनकारक केल्या. अपघात टाळण्याच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते. तथापि अपघात घडल्यावर त्याचा भार कोणी सोसावा, याविषयी हा कायदा मौन पाळतो. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यान्वये मृताच्या आप्तांना दावा करता येई. परंतु प्रतिपक्षाचा दोष सिद्ध करावा लागे. हात गमावून जिवंत राहिलेल्या मजुरालाही दोष सिद्ध करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. त्यातच इंग्लंडमधील १८३७ च्या प्रिस्टली विरुद्ध फाऊलर या खटल्यातून पुढे आलेले तत्त्व मालकांच्या उपयोगी पडणारे होते. सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा धोका कामगाराने नोकरी पत्करतानाच स्वीकारलेला असतो, असे ते तत्त्व. जॉबरच्या चुकीने जखमी झालेल्या कामगाराने मग दाद कोणाकडे मागावी?

या पार्श्वभूमीवर लोखंडे यांच्या मागणीचे वेगळेपण लक्षात येते. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे ते निवेदन त्या वर्षीच्या आयोगापुढे ठेवण्यात आले. त्यातील या मागणीत दोष कोणाचा, हा प्रश्नच उपस्थित केलेला नाही. इजा कामावर झाली, एवढे पुरेसे मानले आहे. विधिज्ञांच्या परिभाषेत ज्याला दोषनिरपेक्ष दायित्व म्हणतात, त्याचा हा आशय कामगारांच्या निवेदनात साध्या शब्दांत आला होता. इंग्लंडमध्येही तसा कायदा होण्यास १८९७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी लोखंडे प्लेगने निवर्तले.

१८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी दिली, भरपाई दिली नाही. ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आली. निवेदनानंतर ३९ वर्षांनी! या कायद्याचे परिशिष्ट वाचताना मन विषण्ण होते. उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वरून गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ७० टक्के, डावा असल्यास ६०, एक डोळा ३०, अंगठा २५. अर्थात, दरवेळी न्यायालयात घासाघीस करण्यापेक्षा हे निश्चित कोष्टक गरिबाला अधिक उपकारक होते, हेही मान्य केले पाहिजे.

मात्र मूळ मागणीशी तुलना करता उणीव स्पष्ट दिसते. लोखंडे यांनी पूर्ण वेतन मागितले होते. तात्पुरत्या अपंगत्वासाठी कायद्याने फार तर निम्मे दिले, आणि तेही पहिले दहा दिवस वगळून. शिवाय संरक्षक साधन हेतुतः काढल्याचे सिद्ध झाल्यास मालक दायित्वातून मुक्त होई. सुरक्षेसाठी बसविलेले साधनच अशा रीतीने मालकाच्या बचावाचेही साधन ठरू शकत होते. सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा बचाव रद्द होण्यास १९३८ चा कायदा यावा लागला. बिनभरपाईचे ते दहा दिवस १९३३ साली सातवर आले आणि १९५९ साली तीनवर.