वडवानलाचें बंदर

दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या आजच्या प्रवासी जहाजांच्या कार्यक्रमांत पुष्कळदां एक दिवस डिसेप्शन बेटासाठीं राखलेला असतो. साउथ शेटलंड द्वीपसमूहांतील हें बेट म्हणजे समुद्राचें पाणी शिरलेलें एका जागृत ज्वालामुखीचें मुख होय. घोड्याच्या नालासारख्या त्याच्या कड्यांना एकच अरुंद दार आहे, आणि त्या दाराच्या ऐन मध्यावर पाण्याखालीं खडक दबा धरून बसलेला आहे. तो चुकवून जहाज आंत शिरलें कीं महासागराचा सारा दंगा बाहेर राहतो. पुराणकारांनीं समुद्राच्या पोटांत वडवानल कल्पिला. येथें तो किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतून वाफेच्या रूपानें डोळ्यांना दिसतो.

सकाळीं उतारू रबरी होड्यांतून व्हेलर्स बे येथें उतरतात. त्यापूर्वीं प्रत्येकाचे बूट धुतलेले असतात. एका वेळीं शंभरांहून अधिक माणसें किनाऱ्यावर असूं नयेत असा दंडक आहे. आणि पेंग्विन समोरून आला तर वाट माणसानें सोडावयाची. या शिष्टाचाराचें मोल कळण्यास येथें पूर्वीं कोण उतरलें होतें तें ठाऊक असावें लागतें.

१८२० सालीं सीलचीं कातडीं मिळविणारे खलाशी या बेटांवर आले, आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं मऊ केसांचे सील जवळजवळ निःशेष केले. पुढें १९०६ पासून देवमाशांची पाळी आली. आरंभीं नुसती चरबी सोलून घेत आणि अवाढव्य धड बंदरांतच सोडून देत. ती नासाडी वांचवून धडांतूनही तेल काढावें, म्हणून १९१२ सालीं हेक्टर नांवाच्या नॉर्वेजियन कंपनीनें किनाऱ्यावर कारखाना उभारला. येथील तेलाचा साबण झाला, मार्गारीन झालें. परंतु सबंध देवमासा भर समुद्रांत ओढून घेणारीं जहाजें निघालीं, तेलाचा भावही कोसळला, आणि १९३१ सालीं कारखाना बंद पडला. गंजून तांबड्या झालेल्या त्याच्या टांक्या व बॉयलर आज उतारू मोठ्या हौसेनें छायाचित्रांत घेतात. त्या टांक्यांत काय सांठविलें जात असे, याचा विचार किती जण करितात?

विल्किन्स यानें १६ नोव्हेंबर १९२८ रोजीं याच किनाऱ्यावरून विमान उडविलें; अंटार्क्टिकांतलें तें पहिलें उड्डाण. जवळच विमानाचें एक कोठार उभें आहे, पण तें त्याचें नव्हे. तें पुढें ब्रिटिशांनीं बांधलें. ब्रिटिशांचें ठाणें येथें १९४४ पासून होतें.

या किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र दिसत नाहीं. कारखान्याजवळ एक स्मशानभूमि होती. घरापासून हजारों मैलांवर मरण पावलेले पस्तीस कामगार तेथें पुरले होते, आणि समुद्रांत नाहींसे झालेल्या दहा जणांचें स्मारकही होतें. डिसेंबर १९६७ मध्यें ज्वालामुखी जागा झाला आणि बेटावरील चिलीचें ठाणें नष्ट झालें. फेब्रुवारी १९६९ मध्यें तो पुन्हां भडकला. ब्रिटिश ठाण्यांतील माणसें डोक्यावर पत्रे धरून राखेच्या वर्षावांतून निसटलीं. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याबरोबर चिखलाचा लोंढा आला, त्यानें इमारती मोडल्या आणि सारी स्मशानभूमि गाडून टाकली. १९९५ सालीं हा किनारा ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला. तेव्हां मोडक्या घरांच्या आंत जाण्यास आज मनाई आहे. थडग्यांवरून मात्र माणसें न कळत चालत जातात. ज्यांनीं देवमासे मारले त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण पोटासाठीं तेथें गेलेल्या त्या गरीब नॉर्वेजियनांच्या वांट्याला तेलाचा नफा आला नव्हता.

दुपारीं जहाज बंदराच्या दुसऱ्या टोंकाला, टेलिफोन बे येथें जातें. उतारू राखेच्या उतारावर चढून नवीं ज्वालामुखें पाहतात. खालीं जी जमीन दिसते तिचा कांहीं भाग १९६७ पूर्वीं नव्हताच. तेथें समुद्र होता.