मूळ अज्ञात कर्करोग : संप्रेरक उपचार

कर्करोग शरीरात पसरलेला दिसतो, पण नेहमीच्या सर्व तपासण्या करूनही तो कोठून सुरू झाला हे सापडत नाही, तेव्हा त्याला मूळ अज्ञात कर्करोग म्हणतात. एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के असते. यातील बहुतेक रुग्णांना केमोथेरपी द्यावी लागते. संप्रेरक उपचारांचा त्यांना उपयोग नसतो. दोन गट मात्र वेगळे आहेत.

पहिला गट काखेत गाठ आलेल्या स्त्रियांचा. बायोप्सीत अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथिपेशींचा कर्करोग) निघतो, पण स्तनात हाताला काही लागत नाही आणि मॅमोग्राफीही स्वच्छ असते. असे रुग्ण अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १९०७ मध्येच नोंदवले होते. आता एमआरआयमध्ये अनेकींच्या स्तनातील दडलेली गाठ दिसते. ती दिसली नाही तरी उपचार स्तनाच्या कर्करोगाप्रमाणेच होतात. गाठीतील पेशींमध्ये इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही (त्यांना बांधून घेणारी प्रथिने) असतील, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि गरजेनुसार केमोथेरपीबरोबर टॅमॉक्सिफेन किंवा, पाळी थांबलेली असल्यास, लेट्रोझोलसारखी गोळी किमान ५ वर्षे देतात. गर्भाशय व बीजांडकोशाच्या काही कर्करोगांतही हे ग्राही आढळतात. म्हणून केवळ त्यांवरून स्तनाचे निदान करू नये. गाठीची जागा आणि इतर पेशीचाचण्याही पाहाव्यात.

दुसरा गट पुरुषांचा. कर्करोग हाडांत पसरून तेथे दाट डाग पडलेले असतात आणि रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन) वाढलेले असते. प्रोस्टेटमध्ये गाठ सापडली नाही तरी टेस्टोस्टेरॉन रोखणारे उपचार करतात. या उपचारांचा पाया चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये घातला. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढणे किंवा गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड यांची इंजेक्शने हे मुख्य मार्ग. इंजेक्शनानंतर पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. मणक्यात रोग असेल तर वेदना वाढून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, म्हणून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे बायकॅल्युटामाइड आधीपासून सुरू करतात. ही काळजी कधीही टाळू नये.

अंगात गरम वाफा येणे हा त्रास दोन्ही गटांत होतो. टेस्टोस्टेरॉन रोखल्याने व लेट्रोझोलने हाडे ठिसूळ होतात. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो.

‘मूळ अज्ञात’ असा शिक्का बसण्यापूर्वी काखेत गाठ असलेल्या स्त्रीची ग्राहीचाचणी आणि हाडांत रोग पसरलेल्या पुरुषाची पीएसए तपासणी झाली आहे का, हे रुग्णाने व नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.