दीर्घ पल्ल्याच्या धावण्यातील आहार

अर्धमॅरेथॉन, मॅरेथॉन आणि त्याहून लांबच्या शर्यतींची तयारी करताना धावपटूने सरावाआधी, सराव चालू असताना आणि सरावानंतर काय, किती व केव्हा खावे-प्यावे, हा क्रीडापोषणाचा एक मुख्य विषय आहे. लांब पल्ल्याची सायकल, जलतरण आणि ट्रायथलॉन यांनाही त्यातील बहुतेक नियम लागू पडतात. सरावाला किती वेळ लागणार आणि तो किती जोराचा, यावर आहाराची निवड ठरते. पाकिटावर काय छापले आहे याला त्यानंतरचे स्थान आहे.

धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या धावपटूला ४२.१९५ किमीच्या मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली कर्बोदके मिळून सुमारे ५०० ग्रॅम भरतात आणि त्यांतून जेमतेम २,००० किलोकॅलरी मिळतात. सडपातळ धावपटूच्याही अंगात चाळीस हजारांहून अधिक किलोकॅलरींची चरबी असते, पण तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती मिळतेही सावकाश. वेग वाढला की स्नायू कर्बोदकांकडे वळतात. साठा संपत आला की पाय जड होतात, वेग एकदम उतरतो आणि यकृतातील साठाही आटला असेल तर रक्तातील साखर घसरून डोके चालेनासे होते. मॅरेथॉनमध्ये बहुतेकांवर ही वेळ तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येते. धावपटू तिला ‘वॉल’ म्हणतात.

या संबंधाची पहिली ठळक नोंद बोस्टनची आहे. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा थकून कोसळण्याच्या बेतात आलेल्यांची रक्तशर्करा फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी काही धावपटूंना आधी कर्बोदकयुक्त जेवण आणि वाटेत गोळ्या-मिठाई देण्यात आली व त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली. स्नायूंच्या आत काय घडते हे मात्र १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये कळले. योनास बर्गस्ट्रोम, एरिक हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी सुईने मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यातील ग्लायकोजेन मोजले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतलेली माणसे, चरबी व प्रथिनांवर राहिलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळ सायकल मारू शकली. यातूनच शर्यतीआधी आठवडाभर प्रथम साठा रिकामा करायचा आणि मग ठासून भरायचा, अशी कडक पद्धत निघाली. रिकामे करण्याची गरज नाही, सराव कमी करून भरले तरी तेवढाच साठा होतो, हे १९८० च्या दशकात दिसून आले आणि ती पद्धत मागे पडली.

रोजच्या आहाराचे प्रमाण सरावाप्रमाणे बदलते. दिवसाला तासभर मध्यम सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके पुरतात. एक ते तीन तासांच्या सरावाला ६ ते १० ग्रॅम लागतात. विश्रांतीच्या दिवशी याहून कमी चालते. महाराष्ट्रातील घरचे जेवण या बाबतीत अजिबात लंगडे नाही. भाकरी, पोळी, भात, पोहे, उपमा, बटाटा ही सगळी कर्बोदकेच आहेत. केनियाच्या कालेनजिन धावपटूंच्या आहाराची मोजदाद झाली, तेव्हा त्यांची सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. मक्याच्या पिठाची उगाली, भात, भाज्या आणि भरपूर दूध-साखरेचा चहा, असा तो साधा आहार होता. जगातील सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटूंपैकी अनेकजण याच समाजातून आले आहेत.

मॅरेथॉनच्या आधीचे ३६ ते ४८ तास दर किलोमागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. ६० किलोच्या माणसाला हे ६०० ते ७२० ग्रॅम होतात आणि नुसत्या पोळी-भाजीने तेवढे गाठताना पोट तुडुंब भरते. म्हणून या दोन दिवसांत कोंडा व तंतू कमी असलेले पदार्थ बरे पडतात, जसे मऊ भात, बटाटा, ब्रेड-जॅम, केळी, सरबत. उसळी, कच्ची कोशिंबीर आणि तेलकट पदार्थ बाजूला ठेवावे लागतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने तो चालतो, मात्र खिचडीतले तूप आणि शेंगदाण्याचे कूट हात राखून घालावे लागते. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे या काळात वजन किलो-दीड किलोने वाढते. काटा पाहून घाबरून जेवण तोडणारे धावपटू ऐन वेळी आपलेच नुकसान करून घेतात.

सरावाच्या किंवा शर्यतीच्या सकाळी एक ते चार तास आधी दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घेतात. वेळ कमी असेल तेवढे प्रमाण कमी. पहाटे पाचला धावायला निघणारा माणूस दोनला उठून जेवणार नाही, हे उघड आहे. त्याला चारच्या सुमारास एक केळे, जॅम लावलेले दोन ब्रेड आणि साखरेचा कपभर चहा पुरतो. रात्रभराच्या उपासाने उतरलेला यकृतातील साठा एवढ्याने बराचसा सावरतो. तासाभराची हलकी दौड उपाशीपोटी केली तरी बिघडत नाही.

धावताना खाण्याचा प्रश्न तासाभराच्या पुढे सुरू होतो. त्याआत पाणी पुरते. तासाभराच्या जोरकस दौडीत गोड पाण्याची नुसती चूळ भरून थुंकली तरी कामगिरी थोडी सुधारते, असे २००४ पासूनच्या प्रयोगांत दिसले आहे. तोंडातील संवेदकांकडून मेंदूला मिळणारा इशारा हे त्याचे कारण मानतात. एक ते अडीच तासांच्या धावण्यात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम, तर त्यापुढे ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेता येतात. ६० ची मर्यादा आतड्याने घातलेली आहे. ग्लुकोज सोडियमच्या जोडीने एका विशिष्ट वाहक प्रथिनामार्फत आत शिरते आणि तासाला साधारण ६० ग्रॅमला तो मार्ग भरून जातो. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा असल्याने दोन्ही मिसळून दिल्यास एकूण शोषण वाढते. महागड्या जेलवर माल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज अशी जोडी छापलेली असते ती यासाठीच. घरच्या साखरेच्या रेणूतही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे निम्मे असतात, याकडे सहसा लक्ष जात नाही.

एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. बिया काढलेल्या खजुराच्या १०० ग्रॅममध्ये ७० ते ७५ ग्रॅम, उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये १७ ते २० ग्रॅम मिळतात. जेलचा खरा फायदा पौष्टिकतेत नाही, सोयीत आहे. ते कमरेच्या पट्ट्यात मावते, चावावे लागत नाही आणि दम लागलेला असताना गिळता येते. संथ गतीच्या तीन तासांच्या सरावात खजूर, राजगिऱ्याची वडी किंवा मीठ लावलेला बटाटा तेवढेच काम करतो. वेगाने धावणाऱ्याला मात्र जेल सोपे पडते. ते पाण्याबरोबर घ्यायचे असते. त्यावर गोड पेय प्यायले तर पोटातील द्रव फार घट्ट होऊन मळमळ सुटते. शेंगदाण्याची चिक्की धावताना फारशी उपयोगी नाही, कारण तिच्यातील तेलाने जठर उशिरा रिकामे होते.

घरी पेय करायचे तर एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम म्हणजे पाव चमचा मीठ आणि चवीपुरते लिंबू घालावे. बाजारातील बहुतेक क्रीडापेये याच ६ ते ८ टक्क्यांच्या घरात असतात. ओआरएसचे काम वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज आणि मीठ पुष्कळ असते. जुलाबात गेलेले पाणी भरून काढायला ते उत्तम, पण त्यातून धावण्याला लागणारी ऊर्जा मिळत नाही.

आतड्यालाही सराव लागतो. आठवड्याच्या लांब दौडीत ठरलेल्या प्रमाणात खात गेल्यास काही आठवड्यांत शोषण वाढते आणि पोटाच्या तक्रारी कमी होतात. शर्यतीच्या दिवशी नवे काही खाऊ नये, हा नियम यातूनच आला. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि सहसा जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये रस्त्याकडेला उभे असलेले नागरिक मोठ्या प्रेमाने संत्र्याच्या फोडी, बिस्किटे पुढे करतात. त्याने हुरूप येतो, पण एका फोडीतून एखादाच ग्रॅम साखर मिळते, तेव्हा ऊर्जेच्या हिशेबात ती धरता येत नाही.

पाणी किती प्यावे याचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. घाम किती येतो हे माणसागणिक बदलते आणि ते मोजणे सोपे आहे. दौडीआधी व नंतर कोरड्या अंगाने वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर तूट, त्यात वाटेत प्यालेले पाणी मिळवावे. वजन दोन टक्क्यांहून अधिक घटल्यास, विशेषतः उन्हात, कामगिरी उतरू लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर निवत नाही आणि घाम आणखी वाहतो. उलट टोकाची चूक जास्त धोक्याची आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात, झटके येतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम कमी भरले. चार-पाच तास संथ धावत प्रत्येक टेबलावर पाणी पिणाऱ्याला हा धोका अधिक असतो. शर्यतीनंतर वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले, असे समजावे. पोटरीत येणारे गोळे मात्र केवळ मिठाच्या कमतरतेने येत नाहीत. स्नायू सवयीपेक्षा जास्त थकणे हे त्यांचे मोठे कारण आहे.

सरावानंतरच्या भरपाईबद्दल गैरसमज फार आहेत. अर्ध्या तासाच्या आत पावडर घोळून प्यायली नाही तर मेहनत वाया गेली, हे त्यांतील सर्वांत पसरलेले मत. ग्लायकोजेनचा रिता साठा भरायला २० ते २४ तास लागतात. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल तर नेहमीची दोन-तीन जेवणे त्याला पुरेशी होतात. घाई तेव्हाच करावी, जेव्हा आठ तासांच्या आत पुन्हा धावायचे असते. अशा वेळी पहिले चार तास दर तासाला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात. स्नायूंच्या दुरुस्तीसाठी एका वेळी दर किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या माणसाला हे १५ ते १८ ग्रॅम झाले. एक पेला दूध आणि दोन अंडी यांत ते भागते. रविवारच्या लांब दौडीनंतर मिसळीवर ताव मारण्याची पुण्यातील धावपटूंची रीत यात बसते. पावातून कर्बोदके, मटकीतून थोडी प्रथिने आणि रश्श्यातून मीठ मिळते. तर्री बेताने घेतली आणि सोबत वाटीभर दही असले तर हिशेब बराच जुळतो. घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढच्या काही तासांत थोडेथोडे प्यावे.

दिवसभरात दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात आणि शाकाहारी मराठी ताटाची अडचण येथे दिसते. ज्वारी-बाजरीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळी-कडधान्यांनी ती उणीव भरून निघते, पण पातळ वरणाच्या वाटीत प्रथिने फारशी नसतात. घट्ट वरण, उसळ, पनीर, दही, सोयाबीन यांचे प्रमाण वाढवावे लागते. लोहाकडेही, विशेषतः धावणाऱ्या स्त्रियांनी, लक्ष द्यावे लागते. जेवणालगत चहा घेतल्याने लोहाचे शोषण घटते.

खर्चाच्या मानाने दीर्घकाळ कमी खाल्ल्यास पाळी चुकणे, हाडांना तडे जाणे, वारंवार आजारी पडणे असे परिणाम स्त्री-पुरुष दोघांत होतात. पाळीचा प्रश्न अर्थात स्त्रियांचा, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची एकत्रित व्याख्या केली. वजन उतरवण्यासाठी धावू लागलेली आणि त्याच जोडीला जेवण तोडणारी प्रौढ माणसे यात सहज सापडतात. कर्बोदके जवळजवळ बंद करून चरबीवर धावण्याचा प्रकारही मधल्या काळात गाजला. ऑस्ट्रेलियात लुइस बर्क यांनी उत्तम दर्जाच्या वेगचालपटूंवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या आहाराने चरबीचे ज्वलन वाढले, पण तोच वेग राखायला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि सरावाने मिळणारी सुधारणा हातची गेली. वेग हवा असलेल्याला हा आहार उपयोगाचा नाही.

पूरकांपैकी कॅफिनला भक्कम पुरावा आहे. दर किलोमागे ३ मिलिग्रॅम पुरते आणि २००४ पासून ते प्रतिबंधित यादीत नाही. सुटी अमिनो आम्ले पुरेसे जेवणाऱ्याला काही वेगळे देत नाहीत. पावडरींत लेबलवर नसलेली उत्तेजके किंवा स्टेरॉइडे सापडल्याची उदाहरणे आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार खेळाडूच्या नमुन्यात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते, मग ते त्याने नकळत घेतलेले का असेना.