धूळपाटीवरचे बोट

पंतोजींच्या शाळांच्या काळात मराठी मुलाच्या विद्येचा ओनामा धूळपाटीवर होत असे. म्हणजे अक्षराची पहिली ओळख डोळ्याआधी बोटाला घडत असे. फळीवर बारीक धूळ पसरायची, मुलाचे बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचे, वळण बिघडले तर तळहाताने धूळ सारखी करून पुन्हा आरंभ करायचा. त्या शाळेतली छडी मी विसरलेलो नाही; तथापि ज्याला एक अक्षर शंभरदा गिरवावे लागते, अशा मंदगती मुलाची चूक जिच्यावर मागे उरत नसे, ती पाटी मला थोर वाटते.

मद्रासेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्याने ती रीत आपल्या शाळेत घेतली आणि 1797 त ग्रंथ लिहून विलायतेस कळवली. इकडे मात्र सरकारी अंमलात दगडी पाटी आली, छापील पुस्तक आले, हजेरीपट आला, आणि तपासणीस आलेल्या डेप्युटीसाहेबांपुढे खडखडीत वाचून दाखवणे ही बुद्धीची कसोटी होऊन बसली.

खानदेशी मुलाला ही कसोटी दुहेरी जड. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो. घरी ज्याला 'डोया' म्हणतात तो पुस्तकात 'डोळा' होऊन भेटतो. त्यातच 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ज्याच्या दृष्टीला वेगळे दिसत नाहीत, किंवा उच्चारात मागून येणारी पहिली वेलांटी कागदावर आधी का, हे ज्याला उमगत नाही, त्याची अडचण बोलीची की अध्ययनाची, हे न पाहताच त्याच्यावर 'मठ्ठ' हा शेरा बसे. हा अन्याय होता, आणि तो दीर्घकाळ चालला. अध्ययन अक्षमतेला 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्थान नव्हते; ते 2016 च्या कायद्याने मिळाले.

ज्यांना शिकवणे व्यर्थ, असे वैद्यांनी ठरवले होते, त्या मुलांना रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी, सेग्विन या फ्रेंच वैद्याच्या मार्गाने जाऊन, अक्षरे बोटांनी चाचपायला देऊन वाचायला शिकवले. पुढे 1907 त तीच साधने त्यांनी सर्वसामान्य बालकांपुढे ठेवली. ताराबाई मोडकांनी गिजुभाईंसह 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून हा विचार गुजराती-मराठी बालशाळांत रुजवला.

आज पुठ्ठ्यावर चिकटवलेला काचकागदाचा 'ळ' अक्षरांत अडखळणारे मूल डोळे मिटून चाचपते. बाई शेजारी बसून 'डोया' ऐकून घेतात, 'डोळा' म्हणून दाखवतात, आणि बोट त्या दोन वाटोळ्या वळणांवरून पुन्हा फिरू लागते.