गोसेखुर्दचं हिरवं पाणी आणि ड्रोन

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. पुढे धरणामागे पाणी साचलं. नागपूरचं सांडपाणी मात्र नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतच राहिलं. साचलेल्या पाण्याला आयतं खत मिळालं, जलपर्णी फोफावली. ती असेल तिथे ढिवरांनी जाळं टाकायचं कसं?

आता ड्रोनचं बघा. हिरवी पानं इन्फ्रारेड प्रकाश परावर्तित करतात, पाणी तो शोषून घेतं. म्हणून तसा कॅमेरा असला, की संगणक जलपर्णी चटकन ओळखतो. विरघळलेलं सांडपाणी मात्र त्याला असं दिसत नाही. त्यामुळे फोटोतला हिरवा डाग दिसला, की नमुन्याची बाटली कुठे भरायची ते तुम्हाला कळतं. दोष कुणाचा, हे ठरवायला नदीचा उलटा प्रवास नागपूरपर्यंत करावाच लागतो.